मयताचा शनिवार

आमच्या घराण्याला एक खोड आहे. जो आरडाओरडा करतो तोच काम करतो, असं आम्ही धरून चालतो. माझा थोरला भाऊ दिवसभर ओरडतो, म्हणून तो कारखान्याचा मालक. मी त्याच्याहून थोडं कमी ओरडते, म्हणून ऑर्डरींच्या टेबलावर. आणि आमच्या धाकटीचा नवरा मुळीच ओरडत नाही, त्यामुळे हा माणूस नक्की करतो तरी काय, हे सहा वर्षं आम्हाला कुणालाच धड सांगता येत नव्हतं. कॉम्प्युटरचं काहीतरी बघतो, एवढंच.

आमचा कारखाना चष्म्याच्या भिंगांचा. दुकानांकडून नंबर येतात: उजवा डोळा, डावा डोळा, दोन बुबुळांमधलं अंतर. मी ते कॉम्प्युटरमध्ये घालते, चिठ्ठी छापते, आणि चिठ्ठी नि दोन कच्ची भिंगं एका ट्रेमध्ये ठेवून ट्रे पुढे सरकवते. तिथून तो घासायच्या मशीनवर, मग पॉलिशला, मग कोटिंगला जातो. मशीनला प्रत्येक ट्रेचा नंबर कळतो तो कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरकडून. त्याला आम्ही आजोबा म्हणतो. आजोबा दिवसभर कोपऱ्यात बसून कण्हत असतात आणि सगळ्यांच्या खबरी त्यांच्यापाशी असतात.

जावईबापू दर गुरुवारी नऊला यायचे. बाकीचे दिवस ते अशाच दुसऱ्या चार-पाच ठिकाणी फिरायचे. खांद्यावर जुनी कापडी पिशवी, तिच्यात स्क्रू पिळायची हत्यारं, हवा मारायचा ब्लोअर आणि भिंत रंगवायचा असतो तसला रुंद ब्रश. भिंगं घासली की पिठासारखी बारीक पूड उडते आणि ती कॉम्प्युटरच्या पंख्यांत जाऊन बसते. ते एकेक डबा उघडून ती पूड झटकायचे. मग मागच्या बाजूला तळहात लावून ताप बघितल्यासारखे क्षणभर थांबायचे. बॅटऱ्या चालतात का बघायला सरळ भिंतीतला प्लग उपटायचे. तेव्हा पॉलिशवाल्या मावशी दर गुरुवारी न चुकता किंचाळायच्या, आणि दिवे गेले तरी कॉम्प्युटर चालूच राहायचे. शेवटी सगळ्या ऑर्डरींच्या दोन प्रती काढायचे. एक लोखंडी कपाटात ठेवायचे, दुसरी माझ्या हातात द्यायचे. ती मी घरी नेऊन स्वेटरांच्या खाली ठेवायची, म्हणजे कारखाना जळाला तरी ऑर्डरी जळणार नाहीत. शुभ बोल रे नाऱ्या, असं मी त्यांना कितीदा म्हटलं असेन.

निघताना मी चहा पुढे करून कॉम्प्युटरांबद्दल विचारायची, "काय जावईबापू, काय म्हणतात पोरं?"

"विशेष काही नाही."

आणि हेच ते वहीतही लिहायचे. गुरुवारची तारीख, खाली बारीक सुबक अक्षरात, "विशेष काही नाही." सहा वर्षांच्या तीन वह्या. एकाही पानावर दुसरं काही नाही.

पण गुरुवार बरे असं वाटायला लावणारा त्यांचा खरा छळ म्हणजे महिन्यातला पहिला शनिवार. त्या दिवशी ते बिस्किटांचा एक रिकामा डबा घेऊन यायचे. त्यात आमच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या नावाच्या चिठ्ठ्या. फक्त दादाच्या केबिनमधल्याची नव्हती. "माझ्या कॉम्प्युटरशी खेळ नको," असं मालकांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. जावईबापू डबा हलवायचे, मावशींना चिठ्ठी काढायला लावायचे, आणि ज्याचं नाव निघेल तो कॉम्प्युटर बंद करून त्यावर कागद चिकटवायचे, "मी गेलो." त्याला हात लावायचा नाही. कपाटातला राखीव कॉम्प्युटर आणि ऑर्डरींची प्रत बाहेर काढायची, आणि मेलेल्याचं सगळं काम आम्ही, म्हणजे माझ्यासारख्या अडाण्यांनी, परत उभं करायचं. भिंतीवर पायऱ्या लिहिलेला कागद लावलेला असायचा. जावईबापू हातात घड्याळ घेऊन दाराशी उभे. विचारलं तर म्हणायचे, "मीही गेलोय असं समजा."

पहिल्यांदा आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली. मी इतकी चिडले होते की त्या दिवशी धाकटीला फोन करून म्हटलं, तुझ्या नवऱ्याला घरी काम दे काहीतरी. मावशींनी त्यांचं नाव ठेवलं यमाजी. घासायच्या मशीनवरचे मामा तर पहिला शनिवार आला की सकाळीच मोठ्याने विचारायचे, "आज कुणाचं मयत?" यमाजींना हे सगळं ठाऊक होतं आणि आवडतही होतं असा मला संशय आहे. ते फक्त मिनिटं लिहून घ्यायचे. दोन तासांचा दीड झाला, दीडाचा एक. अलीकडे चाळिसाच्या आसपास आलो होतो, तरी आमची कुरकुर काही कमी झाली नव्हती.

या माणसाला हे वेड कुठून लागलं, ते मला धाकटीकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. लग्नानंतर बावीस वर्षं ते कॉम्प्युटरच्या एका मोठ्या दुकानात होते. कुणाचं काही बंद पडलं की धावायचं, हे काम. तेव्हा काय रुबाब होता! लोक दारात वाट बघत उभे असायचे. बंद पडलेलं चालू झालं की टाळ्या वाजायच्या, चहा यायचा, एकाने तर गळ्यात पडून रडून घेतलं होतं. घरी मात्र ताटावर बसले की फोन. एकदा फोन पोरीने उचलला, चार वर्षांची होती. पलीकडच्याने विचारलं, बाबा आहेत का? तर ती म्हणाली, "बाबा इथे राहत नाहीत, ते फक्त कपडे बदलायला येतात."

धाकटी ही गोष्ट हसत सांगते. जावईबापू मात्र ती सुरू झाली की उठून पाणी प्यायला जातात.

आमच्याकडे ते आले तेही एका मयतानंतरच. सहा वर्षांपूर्वी आजोबांच्या आधीचा कॉम्प्युटर अचानक बसला. सगळ्या ऑर्डरी गडप. चार दिवस मी आणि दादा दुकानदारांना फोन करून करून नंबर वहीत उतरवत होतो. त्या गोंधळात एका शाळामास्तरांना दुसऱ्याच कुणाची तरी भिंगं गेली. तो गृहस्थ नवा चष्मा घालून जिना उतरला आणि शेवटची पायरी चुकून पडला. मनगट मोडलं. दादा त्यांना भेटून आला तेव्हा दोन दिवस ओरडला नव्हता. तिसऱ्या दिवशी तो स्वतः धाकटीच्या घरी गेला आणि जावयापुढे हात जोडले. ते म्हणाले, "येतो. पण बोलावल्यावर नाही येणार. आधीच येत जाईन."

आता एवढं सगळं दादाला आठवायला नको का? पण सहा वर्षं काही बिघडलं नाही की माणसाला वाटतं, बिघडण्यासारखं काही नव्हतंच. गरज सरो, वैद्य मरो.

झालं असं की दादा त्याच्या एका मित्राच्या कारखान्यात बसला होता, आणि तिथला कॉम्प्युटर बंद पडला. फोन केल्याबरोबर मोटरसायकलवर एक धिप्पाड माणूस आला, त्याने तासाभरात मशीन जिवंत केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा परत आला तो भारावूनच. "याला म्हणतात इंजिनिअर! घाम गाळत होता बिचारा." मी त्या माणसाला न बघताच त्याचं नाव ठेवलं बंब. आग लागली की येणारा.

दुसऱ्या दिवशी दादाने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर त्या तीन वह्या.

"वाच."

"काय वाचू? विशेष काही नाही."

"तेच म्हणतोय मी! सहा वर्षं हा माणूस येतोय, आणि स्वतःच लिहून देतोय की काही नाही म्हणून. वर महिन्यातनं एकदा सगळ्यांचं काम थांबवून खेळ खेळतो. गुरुवार बंद, शनिवार बंद. काही बिघडलं तर बोलावू. त्यांना, नाहीतर त्या बंबाला, की काय तू म्हणतेस त्याला."

"ते बोलावल्यावर येणार नाहीत, दादा. तुला माहितेय."

"मग नको येऊ देत. नातं आहे म्हणून किती दिवस चालवायचं? तू सांग त्यांना. तुझं ऐकतात ते."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण नात्यासाठी ठेवलंय असं जावईबापूंच्या कानावर गेलं असतं तर ते आमच्याकडे जेवायलाही आले नसते. फारच मानी माणूस. पण खरं सांगायचं तर मीही दादाशी भांडले नाही. मयताच्या शनिवारचा मलाही कंटाळा आला होता. मी एवढंच म्हटलं, "त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ते होऊ दे, मग सांगते."

भिंगांच्या कारखान्यातल्या माणसाच्या डोळ्यात भिंग बसवायचं, यावर आमच्याकडे भरपूर विनोद होऊन गेले. मी मात्र पुढचे दोन आठवडे त्यांच्याशी फार गोड वागले. चहाबरोबर बिस्किटंसुद्धा दिली. गुरुवारी ते पंख्यातली पूड झटकत होते आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत मनात वाक्यं जुळवत होते. एकही जुळलं नाही.

ऑपरेशन नेमकं पहिल्या शनिवारी आलं. म्हटलं, चला, या महिन्यात कुणी मरत नाही.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्यासमोरचा पडदा गोठला. घासायचं मशीन हळूहळू घरघरत थांबलं. पलीकडून मामांचा आवाज आला, "आजोबा गेले!"

"आज तरी नको हो!" मावशी ओरडल्या.

सगळ्यांनी एकदम कपाळाला हात लावला. पहिला शनिवार! डोळ्याला पट्टी लागली तरी या माणसाने सोडलं नाही. मामा म्हणाले, "घड्याळ लावून ठेवलं असणार गुरुवारीच. चिठ्ठी काढायला कुणी नाही, म्हणून थेट आजोबांनाच मारलं." कुणाला शंका आली नाही. कागद चिकटवलेला नव्हता, पण चिकटवणार कोण, यमाजी तर दवाखान्यात. दादा केबिनमधून तणतणत बाहेर आला. "ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा? हद्द झाली! आणि तू अजून सांगितलं नाहीस ना त्यांना?"

मी पाठ फिरवली. रागारागात कपाट उघडलं, राखीव कॉम्प्युटर काढला. मामांनी तो उचलून टेबलावर ठेवला, मावशींनी कपाटातली प्रत आणली. मी भिंतीवरचा कागद मोठमोठ्याने वाचत गेले, पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि प्रत्येक पायरीनंतर जावईबापूंच्या नावाने एक शेलकी शिवी. कपाटातली प्रत गुरुवारची, म्हणून शुक्रवारच्या नि त्या सकाळच्या ऑर्डरी चिठ्ठ्यांवरून परत घालायच्या होत्या. छापलेली प्रत्येक चिठ्ठी ट्रेबरोबर फिरते आणि तिचं अर्धुक माझ्या खिळ्याला लागतं, हाही त्यांचाच नियम. मी अर्धुकं वाचायची, मावशी एका बोटाने टाइप करायच्या. घड्याळ धरायला कोणी नव्हतं, तर सवयीने मामांनी धरलं.

मशीन परत घरघरलं. मामा म्हणाले, "चौतीस मिनिटं! ताई, रेकॉर्ड!"

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आम्ही चहा मागवला. शनिवारी सगळं संपलं की जावईबापू आजोबांवरचा कागद काढायचे आणि त्यांना परत जागं करायचे. ते आज मलाच करायला हवं होतं. मी कोपऱ्यात गेले आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. परत दाबलं. आतून टक टक असा आवाज आला, दाराबाहेर उभं राहून कुणी नखाने वाजवावं तसा, आणि तो थांबला. मग काहीच नाही.

मी धाकटीला फोन लावला. "त्यांना विचार, आजोबांना परत उठवायचं कसं? घड्याळ कुठे लावलंय?"

"कसलं घड्याळ?" धाकटी म्हणाली. "अगं, ते आत्ता आत गेलेत ऑपरेशनला. आणि कालच मला म्हणत होते, या महिन्यात माणसांना सुट्टी देतो, फार कुरकुरतात."

 मी आजोबांशेजारच्या स्टुलावर बसले आणि मला ते चार दिवस आठवले, वहीत उतरवलेले नंबर, शाळामास्तरांचं प्लास्टरमधलं मनगट. मामांनी विचारलं, "काय झालं, ताई?" मी म्हटलं, "आजोबा खरंच गेले हो." मावशींच्या हातातला चहा हातातच राहिला.

दादाने बंबाला फोन केला. तो तासाभरात आला, मोटरसायकल दारातच लावून धावत आत. माणूस चांगला होता, उगाच मी नाव ठेवलं होतं. त्याने आजोबा उघडले, कान लावला, मान हलवली. "डिस्क गेली. यातून परत काही मिळायचं नाही." मग फार हळू आवाजात, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलतात तसं त्याने दादाला विचारलं, "किती वर्षांचं काम गेलं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काही नाही गेलं."

"म्हणजे किती दिवस बंद राहणार तुम्ही?"

"चालूच आहे की," मामा मशीनवरून ओरडले.

बंबाने आमच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "मग मला बोलावलंत कशाला?" तो म्हणाला. पण रागावला नाही. चहा घेतला, आणि जाताना विचारलं, "हा कागद ज्याने लिहिला त्याचा नंबर मिळेल का?"

तो गेल्यावर दादा केबिनच्या दारात उभा राहिला. एवढं होऊनही त्याचं तोंड गप्प बसेना. "म्हणजे बघ, त्यांच्याशिवाय जमलं की आपल्याला."

इतकी वर्षं मी दादाच्या खालच्या पट्टीत ओरडत आले. त्या दिवशी वरची लावली. "जमलं? कुणामुळे जमलं? ज्याने सहा वर्षं आपल्याला धरून धरून पोहायला शिकवलं, त्याला म्हणायचं, आम्ही बुडालो नाही, आता तू नको? हे तूच जाऊन सांग. मी सांगणार नाही. आणि त्या तीन वह्या परत वाच, एकेक पान. तुझ्या मास्तरांचं मनगट मोडलं त्या आठवड्याची वही माझ्याकडे आहे, तीही पाठवते. दोन्ही शेजारी ठेवून वाच."

पॉलिशचं चाकसुद्धा थांबलं होतं.  दादा आत गेला आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज ऐकू आला नाही.

रविवारी आम्ही दोघं धाकटीकडे गेलो. जावईबापू खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. धाकटीने फोन कपाटात कुलूप लावून ठेवला होता, पण बातमी तिनेच दिलेली असणार, कारण आम्ही चपला काढायच्या आत ते म्हणाले, "किती मिनिटं?"

"चौतीस," मी म्हटलं.

ते हसले. मी त्यांना अठ्ठावीस वर्षं ओळखते, पण सगळे दात दिसतील असं हसताना तेव्हाच पाहिलं. मग लगेच म्हणाले, "शुक्रवारच्या ऑर्डरी हाताने घालाव्या लागल्या. ते चुकलं माझं. रोजची प्रत आपोआप निघायला हवी. करतो पुढच्या आठवड्यात."

दादा बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसला. धाकटीने पाणी आणलं, ते प्यायला. मग खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून जावईबापूंसमोर धरली. "ही तुमच्या डब्यात टाका."

त्यांनी ती उघडून उघड्या डोळ्याजवळ नेली. वर दादाच्या गिचमिड अक्षरात एकच शब्द होता, "केबिन."

"मालकांच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नव्हता ना?" जावईबापू म्हणाले.

"आता लावा," दादा म्हणाला. "मी मेलो तर हे लोक काय करतात तेही एकदा कळू दे." आणि मग, त्याच्या नेहमीच्या आवाजात, "पण महिन्याच्या शेवटी मारू नका, मला कामं असतात!"

जावईबापूंनी चिठ्ठीची परत पहिल्यासारखी घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. खिशावरून एकदा हात फिरवला.

आम्ही निघालो. दादा पुढे जिना उतरत होता. जावईबापू मला दारापर्यंत सोडायला आले, धाकटी मागून "बसून राहा म्हटलं ना!" म्हणून ओरडत असतानाही. दाराशी त्यांनी आवाज खाली घेतला.

"ताई, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं ना? ऑपरेशननंतर?"

मी चपलेत पाय घालता घालता थांबले. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दोन आठवडे चहाबरोबर बिस्किटं मिळत होती."

म्हणजे त्या दोन्ही गुरुवारी त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी पंखे झटकले, प्रत काढली, माझ्या हातात दिली, आणि वहीत नेहमीचंच लिहिलं.  मला त्यांची माफी मागायची होती, आणि ती मागितली असती तर ते बिचारे पाणी प्यायला उठून गेले असते. मी चपलेत पाय घातला, पदर सारखा केला आणि त्यांच्या उघड्या डोळ्याकडे बघितलं.

"विशेष काही नाही," मी म्हटलं. "गुरुवारी वेळेवर या."